रंग, रेडियम आणि घरची पल्सर

मागचे दोन वीकेंड ब्लॉगवर काहीच टाकलं नाही. ऑफिसात रिलीज वगैरे काही नव्हतं, घरची पल्सर आडवी आली. २००५ ची, डीटीएस-आय, काळी, एमएच-१४. बाबांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेली. १५ वर्षं झाल्यावर २०२० मध्ये एकदा आणि मग २०२५ मध्ये दुसऱ्यांदा पासिंग करून घेतलं. इंजिन अजून ठणठणीत आहे (टचवूड), पण रंगाची पार वाट लागलीय. साईड पॅनल उन्हाने पांढुरकी पडलीत, हेडलाईटच्या वरच्या भागाला बारीक चरे, मागच्या काऊलवर सॅडलबॅग घासून घासून चक्क नकाशा उमटलाय. मी रोज हिंजवडीला तीच नेतो. पार्किंगमध्ये आजूबाजूला सगळ्या चकाचक गाड्या आणि मध्ये आमचं हे ध्यान.

तर प्रश्न असा होता की रंग मारायचा की रॅप करायचा? (रॅप म्हणजे गाणं नव्हे. गाडीच्या रंगावर विनायलची पातळ फिल्म ताणून चिकटवतात, ते.) आकुर्डीतल्या एका गॅरेजवाल्याने पूर्ण रंगाचे नऊ हजार सांगितले, वर गाडी आठ दिवस सोडावी लागेल म्हणाला. चिखली रस्त्यावरच्या रेडियमवाल्याने रॅपचे साडेसहा सांगितले आणि दोन दिवसांत गाडी परत. इंजिनिअर माणूस म्हटल्यावर मी लगेच एक्सेल शीट उघडली. शीट अर्धी भरून होईपर्यंत वाचनात शिरलो आणि दोन रविवार कुठे गेले कळलंच नाही. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहितोय. शेवटी गाडीचं काय झालं तेही सांगतो, धीर धरा.

आधी त्या "रेडियमवाला" शब्दाबद्दल. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये स्टिकरच्या दुकानाला कोणी स्टिकरचं दुकान म्हणत नाही. टेल्को रोडला जा, चिंचवड स्टेशनला जा, नाहीतर चाकणच्या तळेगाव चौकात जा, जिथे दोन गॅरेजं आहेत तिथे तिसरं दुकान रेडियमचं. आत रेडियमचा कणसुद्धा नसतो, नाहीतर आपण सगळे कधीच.. असो. क्युरी दांपत्याने रेडियम शोधलं १८९८ मध्ये. पुढच्या वीसेक वर्षांत त्याचा रंग बनवून घड्याळांच्या तबकडीवर लावायला सुरुवात झाली, अंधारात हिरवट चमकायचा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज नावाच्या गावी हे काम तरुण मुली करायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यातल्या कित्येकींच्या जबड्याची हाडं कुजली, काही जणी गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. अंधारात चमकतं ते रेडियम, हे समीकरण मात्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

ट्रकच्या मागची लाल पट्टी किंवा उसाच्या ट्रॉलीवरचा रिफ्लेक्टर चमकतो तो वेगळ्याच कारणाने. त्या फिल्ममध्ये काचेचे अगदी बारीक मणी असतात आणि हेडलाईटचा उजेड ते आला त्याच दिशेला परत पाठवतात. अशी फिल्म लावलेली पहिली रस्त्यावरची पाटी १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसला उभी राहिली, थ्रीएम कंपनीची. आपल्याकडे हे प्रकरण आलं तेव्हा लोकांनी त्याला हातातलं जुनं नाव दिलं. मग त्याच दुकानात साधं न चमकणारं विनायल विकायला लागले, तर तेही रेडियम. आज रॅपसाठी जी महागडी मॅट फिल्म येते तिलाही आमचा दुकानदार "मॅट रेडियम" म्हणतो. मला हे फार आवडतं.

या थ्रीएमची आणखी एक गंमत आहे आणि ती थेट आपल्या विषयाची आहे. १९२० च्या दशकात ही कंपनी मुख्यतः पॉलिश पेपर बनवायची. त्याच सुमारास मोटारींच्या रंगात मोठी उलथापालथ झाली. तोवर गाडीवर एकावर एक हात देऊन ते वाळवण्यात आठवडेच्या आठवडे जात. १९२३ मध्ये ड्युपाँ कंपनीचा ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या निळ्या रंगात झळकल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. ("ड्युको" हा शब्द आपल्याकडे असा रुजला की बाबा अजूनही स्प्रेने मारलेल्या कुठल्याही रंगाला ड्युको म्हणतात, अगदी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या रंगाला सुद्धा.) रंग लवकर वाळतो म्हटल्यावर लोकांना दोन-दोन रंगांच्या गाड्यांची हौस सुटली. आता दोन रंगांमधली रेघ सरळ आणायची तर एक भाग झाकायला हवा. कारागीर कागद आणि दवाखान्यातली चिकटपट्टी लावायचे, ती काढताना नवा रंगही सोबत निघून यायचा, मग शिव्या. थ्रीएमचा रिचर्ड ड्रू नावाचा पोरगा पॉलिश पेपरचे नमुने घेऊन अशा एका वर्कशॉपमध्ये गेला होता. त्याने त्या शिव्या ऐकल्या आणि खटपट करून १९२५ मध्ये मास्किंग टेप काढली. चिकटेल, पण निघताना रंग नेणार नाही अशी.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, रॅपची सगळी गोष्ट इथेच आहे. रंगावर चिकटायचं आणि निघताना रंगाला धक्का लावायचा नाही. पुढची शंभर वर्षं त्याच अटीवर गेली आहेत. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आकुर्डीला येऊ. बजाजला स्कूटर-रिक्षा बनवायचा परवाना १९५९ मध्ये मिळाला, इटलीच्या पियाजिओशी तांत्रिक करार झाला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला आकुर्डीत कारखाना सुरू झाला. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. तिच्यासाठी लोकांनी किती वर्षं नंबर लावून वाट पाहिली याच्या कथा तुमच्याही घरी असतील, आठ-आठ दहा-दहा वर्षं. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी माणूस चार वर्षांत थोडीच विकणार? वीस-वीस वर्षं वापरायचे. आणि वीस वर्षांत रंग दोनदा तरी जाणारच.

इथे एक मुद्दा आहे जो मला बाबांनी सांगितला, कुठल्या साईटवर सापडला नाही. चेतकला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे रंग म्हणजे नुसती शोभा नव्हती. रंगाचा पोपडा निघाला की आत पाणी, पाण्यामागून गंज, आणि गंज पायाखालच्या पत्र्याला लागला की दोन पावसाळ्यांत भोक. म्हणून त्या काळी "गाडी रंगाला टाकणे" हे ऑईल बदलण्यासारखंच देखभालीचं काम होतं. खोलायची, घासायची, खड्ड्यांत लांबी भरायची, परत घासायची, प्रायमर, मग ड्युको. चिंचवड-पिंपरीच्या गल्लोगल्ली हे काम करणारे होते आणि त्यातले बरेचसे कंपनीच्या पेंट शॉपमध्ये हात बसलेले. सकाळी फर्स्ट शिफ्टला बजाज नाहीतर टेल्को, संध्याकाळी घराच्या मागे स्वतःचा कॉम्प्रेसर.

बाबा बजाजला नव्हते. भोसरी एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत पेंट शॉपला होते, पंचवीसेक वर्षं. दुचाकींच्या टाक्या आणि प्लॅस्टिकचे पार्ट रंगवून पुढे लाईनला जायचे. बाबांचं म्हणणं, लोक बघतात तो रंग सगळ्यात वरचा, खरं काम खाली असतं. पत्र्याची टाकी आधी तेल-ग्रीस काढून धुतात, मग फॉस्फेटचा थर, मग प्रायमरच्या हौदात बुडवून विजेने प्रायमर बसवतात म्हणजे सांध्याकोपऱ्यांतही जातो, मग रंग, मग क्लिअर लॅकर. दर टप्प्याला ओव्हन. प्रायमरला १६० अंशांच्या वर, रंगाला १४० च्या आसपास. सगळे थर मिळून जाडी किती? शंभर मायक्रॉनच्या घरात, म्हणजे डोक्याच्या एखाद-दीड केसाएवढी.

आणि म्हणूनच गॅरेजमधल्या रिपेंटला कंपनीच्या रंगाची सर येत नाही. त्यात गॅरेजवाल्याचा दोष नाही. तो कितीही हुशार असला तरी टाकी फॉस्फेटच्या हौदात बुडवू शकत नाही आणि १४० अंशांत भाजू शकत नाही. तो हार्डनर घातलेला पीयू रंग मारतो, जो हवेत किंवा थोड्या उष्णतेवर धरतो. दिसायला अप्रतिम. पण खालचा धातू आणि वरचा रंग यांची पकड ही त्याने किती घासलं, किती पुसलं यावर.

आता स्टिकर कधी आला ते बघू. आधी दुचाकीच्या टाकीवरच्या रेघा ब्रशने मारत. रॉयल एनफिल्डच्या चेन्नईच्या कारखान्यात दोन भाऊ बुलेटच्या टाकीवर हाताने सोनेरी रेघा ओढायचे, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हात जराही थरथरत नाही. मग १९८५-८६ च्या सुमाराला जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या, हिरो होंडाची सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, आणि आपल्या बजाजची कावासाकीबरोबरची केबी १००. त्यांच्या टाकीवरचे पट्टे रंगवलेले नव्हते, चिकटवलेले होते. कंपनीच्या हिशेबाने हे सोपंच आहे. दुसरा रंग म्हणजे परत मास्किंग, परत बूथ, परत ओव्हन. स्टिकर म्हणजे साबणाच्या पाण्याचा फवारा, त्यावर स्टिकर सरकवून जागेवर आणायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने पाणी बाहेर काढायचं. बाबा सांगतात, त्यांच्याकडे पहिल्यांदा स्टिकरचं टेबल लागलं तेव्हा दोन रंगांचं मास्किंग करणारे जुने लोक त्याला पोरखेळ म्हणायचे. काही वर्षांत मास्किंगची बाकं निघाली आणि टेबलं वाढली.

म्हणजे रंगाऐवजी विनायल ही काही २०१५ नंतरच्या इन्स्टाग्रामवाल्या पोरांनी काढलेली टूम नाही. दुचाकीच्या कारखान्यांनी ती चाळीस वर्षांपूर्वीच सुरू केली. नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आली, चाकणचा कारखाना त्याआधी दोन वर्षं, १९९९ मध्ये सुरू झाला होता. त्यानंतर कितीतरी वेळा "नवीन मॉडेल" म्हणून जे आलं त्यात बदल मुख्यतः स्टिकरचा होता हे पल्सरवाले स्वतःच हसत हसत सांगतात :) त्याच चाकणमधून २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक २०० बाहेर पडली, त्या गाडीचं अर्ध रूपच ग्राफिक्समध्ये आहे. आकुर्डीत मात्र २००७ मध्ये गाड्या बनवणं थांबलं, आणि २०१० पर्यंत बजाजच्या पेट्रोल स्कूटरही बंद झाल्या. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन काकांनी तेव्हा व्हीआरएस घेतली. (२०२२ मध्ये आकुर्डीत परत चेतक सुरू झाली, विजेवरची. तिची बॉडीही पत्र्याची आहे हे सांगताना बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते बघण्यासारखं.)

कारखान्याबाहेर गल्लीत काय चाललं होतं? तिथे पेंटर होता. नंबरप्लेट, टेम्पोच्या मागचं "आई-वडिलांची कृपा", दुकानाची पाटी, निवडणुकीची भिंत, सगळं एकाच ब्रशने. आमच्या लहानपणी खंडोबा माळाजवळ एक पेंटरकाका होते, ४१४१ नंबर असला की त्याचा असा "दादा" करून द्यायचे की पोलीससुद्धा आधी हसायचे आणि मग पावती फाडायचे. या ब्रशवर वरवंटा फिरवला तो एका अमेरिकन कंपनीने. जोसेफ गर्बर नावाचा व्हिएन्नातून जीव वाचवून अमेरिकेला आलेला ज्यू मुलगा. कॉलेजात असताना आलेख वाचायला सोपे जावेत म्हणून त्याने पायजम्याच्या इलॅस्टिकवर खुणा करून ताणता येणारी पट्टी बनवली, त्यातून कंपनी काढली. आधी कापड कापायची कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विनायलमधून अक्षरं कापून देणारं यंत्र. तोच आपला कटिंग प्लॉटर. हळूहळू इथेही "कॉम्प्युटर रेडियम कटिंग" अशा पाट्या लागल्या आणि आमच्या पेंटरकाकांनी एक प्लॉटर हप्त्याने घेतला. ते यंत्र त्यांचा मुलगा चालवायचा. काका शेजारी स्टुलावर बसून नको असलेला भाग चिमट्याने उपसायचे.

मग या दुकानांचं हुकमी काम म्हणजे नंबरप्लेट. तेही गेलं. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना कंपनीच हाय सिक्युरिटी प्लेट लावून देते आणि त्याआधीच्या गाड्यांना ती बसवायची मुदत महाराष्ट्रात २०२५ मध्ये किती वेळा वाढली ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या पल्सरलाही बसली. चिखली रस्त्यावरचा दुकानदार म्हणाला, "दादा, प्लेट गेली म्हणून रॅप शिकलो. नाहीतर एवढी कटकट कोण घेतंय अंगावर?"

कटकट कसली, तर फिल्मची. विनायल म्हणजे पीव्हीसी. मुळात ते ठिसूळ आणि निरुपयोगी प्लॅस्टिक होतं. १९२६ मध्ये अमेरिकेत गुडरिच या टायर कंपनीत वॉल्डो सेमन नावाचा केमिस्ट रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होता. ते जमलं नाही, पण पीव्हीसी उकळत्या द्रावकात घालून बघताना मऊ, वाकणारं विनायल हाती आलं. चिकटवायला निघालेल्या माणसाला चिकटणारी गोष्ट मिळाली नाही, आणि आज आपण तीच मागे गोंद लावून लोखंडाला चिकटवतोय. असो. त्याची फिल्म दोन प्रकारे बनते. स्वस्तातली म्हणजे गरम रुळांतून लाटून काढलेली, पोळीसारखी. आपल्याला लाटलंय, ताणलंय, हे ती विसरत नाही. टाकीच्या गोलाईवर ताणून बसवली की उन्हाळ्यात हळूहळू आक्रसते, कडा उचलतात, कडेला गोंदाची काळी रेघ दिसायला लागते. दुसरी ओतीव. द्रवरूपात कागदावर पातळ ओतून भाजलेली, डोशासारखी. तिला कोणी ताणलेलंच नसतं, त्यामुळे ती परत जायचा हट्ट करत नाही. जाडी पन्नास मायक्रॉनच्या आसपास, गोंद वेगळा. रॅपसाठी हीच हवी. किमतीत दुपटीचा फरक, म्हणून "रॅप दोन हजारांत" अशी पाटी दिसली की कुठली फिल्म ते आधी विचारा.

रंगाला पर्याय म्हणून आख्खी गाडी गुंडाळायची कल्पना रुळली ती जर्मनीतल्या टॅक्सीमुळे. तिथे टॅक्सी फिक्या हस्तिदंती रंगाचीच हवी असा नियम होता. टॅक्सी म्हणून चालवून झालेली तसल्या रंगाची मर्सिडीज विकायला गेलं की भाव पडायचा, आणि परत रंगवायचं तर खर्च. १९९३ मध्ये केपीएमएफ या ब्रिटिश कंपनीकडून त्यासाठी फिल्म बनवून घेतली गेली. काळी गाडी घ्यायची, हस्तिदंती गुंडाळायची, तीन वर्षांनी सोलायची, आत रंग नवाकोरा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत रोलबॅक. रिपेंटला रोलबॅक नाही.

(आपल्याकडे कायद्याचं एक लक्षात ठेवा. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडी आरसीतल्या नोंदीशी जुळायला हवी. आख्खा रंग बदलायचा तर आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्या. मी काळ्यावर मॅट काळं घ्यायचं ठरवलं, आरसीवर "ब्लॅक"च आहे.)

एवढं सगळं वाचून झाल्यावर माझी एक्सेल शीट म्हणत होती, रॅप. चेतकच्या काळी रंग गाडीला जगवत होता, पल्सरचे साईड पॅनल, मागचा काऊल, पुढचं मडगार्ड सगळं प्लॅस्टिक, त्याला गंजायची भीतीच नाही. तिथे रंग निव्वळ दिसण्यापुरता, मग फिल्म काय वाईट? पत्र्याची राहिली ती फक्त टाकी. आणि टाकीवर तर बाबांच्या शब्दांत कंपनीचा ओरिजिनल रंग. बाबा रॅपला "प्लास्टर" म्हणून नाकं मुरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट लगेच मान डोलावली. म्हणाले, "गुंडाळ. ओरिजिनल आहे, घासू नको." शनिवारी माझ्याबरोबर दुकानातही आले.

दुकानदाराने गाडी धुऊन घेतली, स्पिरिटने पुसली. मग मास्किंग टेपचा एक तुकडा घेतला, टाकीच्या डाव्या अंगाला अंगठ्याने दाबून बसवला आणि झटक्यात ओढला. हे तो प्रत्येक गाडीला करतो. रंग कंपनीचा असेल तर काही होत नाही. टेपबरोबर नखाएवढा काळा पापुद्रा निघून आला. खाली फिकट पिवळी लांबी.

"काका, टाकी परत मारलीय का?"

बाबा काही बोलले नाहीत. मी म्हणालो, नाही हो, ओरिजिनल आहे, २००५ ची. दुकानदाराने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि टेपचा तुकडा माझ्या हातात दिला.

"२००९ ला," बाबा म्हणाले. "नाशिक फाट्याला पडलो होतो."

ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. मी तेव्हा सातवीत होतो. पहिला पाऊस, रस्त्यावर ऑईल, सेकंड शिफ्ट सुटून येताना गाडी घसरली. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही पण टाकीला हा एवढा पोचा. घरी कळलं असतं तर आईने गाडी विकायला लावली असती, तिच्या भावाचा अपघात आदल्याच वर्षी झाला होता. म्हणून बाबांनी गाडी सर्व्हिसिंगला आहे असं सांगितलं, एका मित्राच्या गॅरेजमध्ये टाकी उतरवली आणि चार रात्री स्वतः बसून पोचा काढला, लांबी भरली, घासली, रंग मारला. कुणाला कळलं नाही. मला नाही, आईला नाही, पासिंगला तपासणाऱ्यालाही नाही. सतरा वर्षं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती टाकी दाखवून "ओरिजिनल रंग आहे" म्हणून सांगितलंय. आता मला वाटतं ते सांगताना त्यांना वेगळाच आनंद होत असणार.

दुकानदाराने टाकीवर पाच मिनिटं हात फिरवला. मग म्हणाला, "काका, लाईन सापडत नाही राव. कुठून मारलंय?" बाबांनी दाखवलं. दुकानदार वाकून बघत बसला. मला अजूनही दिसली नाही.

पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. अशा रंगावर रॅप बसेल, छान बसेल. पण तीन-चार वर्षांनी काढताना फिल्मबरोबर बाबांचा रंगही जाणार, तिथे ड्रूची अट चालत नाही. दुकानदाराने स्वच्छ सांगितलं, टाकी तुमच्या जबाबदारीवर. दुसरा मार्ग म्हणजे टाकी पत्र्यापर्यंत घासून नव्याने रंगवायची. ते बाबा एका रविवारात करतील असं मी बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली. कारण २०१६ पासून त्यांनी गन हातात धरलेली नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते वर्षानुवर्षं श्वासात जाऊन दमा लागतो, डॉक्टरांनी सांगितलं की पेंट बूथचं तोंड बघायचं नाही. शेवटची काही वर्षं ते इन्स्पेक्शनला होते, ट्यूबलाईटखाली पार्ट धरून दुसऱ्यांच्या रंगातले दाणे शोधायचे. म्हणजे टाकीच्या डाव्या अंगावरचा तो हातभर काळा रंग हे त्यांनी मारलेलं, आणि आमच्या घरात असलेलं, एकमेव काम. बाकी सगळं लोकांच्या गाड्यांवर देशभर फिरतंय.

माझ्या एक्सेल शीटमध्ये याला कॉलम नव्हता.

टाकी ठेवली तशीच. बाकीचे पार्ट, साईड पॅनल, काऊल, मडगार्ड, हेडलाईटचा मुखवटा, सगळं ओतीव फिल्मने मॅट काळं करून घेतलं. दुकानदाराने टाकीचे पैसे कमी करून साडेचार हजार घेतले. हीट गनने फिल्म मऊ करून काऊलच्या टोकावर ताणताना त्याचं काम बघत बाबा तासभर उभे होते. एकदा "कड आत दे अजून दोन सूत" एवढंच म्हणाले, आणि त्याने दिली.

चकचकीत टाकी आणि मॅट बॉडी हे कॉम्बिनेशन मला वाटलं होतं त्याहून बरं दिसतं. ऑफिसात एकाने विचारलंही, टाकी स्पेशल करून घेतली का म्हणून.

आईला घरी येऊन सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. पँटचा गुडघा रफू कोणी केला होता?"

राहिला तो नखाएवढा पापुद्रा. बाबांनी काळ्या रंगाची छोटी बाटली आणली, शून्य नंबरचा ब्रश आणला, तोंडाला मास्क लावला आणि बाल्कनीत बसून तीन दिवस रोज एकेक हात दिला, मधे वाळू देऊन. चौथ्या दिवशी पाण्याच्या पेपरने घासून पॉलिश केलं. उन्हात विशिष्ट कोनातून बघितलं तर जागा सापडते. पुढच्या रविवारी परत एकदा घासायचं म्हणतायत.